बाईंचं बोट

चष्मा कपाळावर सरकवायच्या, कागदावरच्या वाक्यावर बोट दाबून धरायच्या आणि म्हणायच्या, "थांब गा. हे असं काहून?" तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापायी सगळ्यांना जेवायला उशीर होतो. आमच्याकडे बाई होत्या.

रामदासपेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचं संशोधन चालायचं. गावोगावच्या सभांतली भाषणं ऐकायची आणि बोलणारा समोरच्याला कसं पटवतो, ते वाक्यावाक्याला ठरवायचं. पुरावा, अधिकार, भीती, भावनिक आवाहन. एकच भाषण दोघांनी वेगवेगळं तपासायचं, मग रकाने जुळवायचे. माझ्या जोडीला बाई. पारशिवनीकडच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या. डब्यातली वांग्याची भाजी अर्धी मला द्यायच्या, चूक मात्र एकही सोडायच्या नाहीत.

एक सभा खाण वाढवण्याबद्दलची होती. खाणीचा साहेब म्हणाला, "आमच्या तज्ज्ञांच्या मते पाणी शुद्ध आहे." मी लिहिलं, पुरावा. मग गावातली एक म्हातारी उठली. "दोन वर्षं झाले, पाण्याच्या गुंडाले आतून काळा थर बसते. पाहुण्याले पाणी द्याची लाज वाटते." मी लिहिलं, भावनिक आवाहन.

बाईंचं बोट आलंच. "काहून गा? तिनं थर पाह्यला. साहेबानं काय पाह्यलं? शर्टवाला बोलला तर पुरावा, अन् लुगडंवाली बोलली तर रडणं?"

मला राग आला. त्या बरोबर होत्या, म्हणूनच आला.

आमचं संशोधन चालवणाऱ्या सरांना जुळणी हवी होती. अहवाल खाणीच्या परवानगीच्या फाइलीला जोडायचा होता. "बाई, जरा ॲडजस्ट करा."

"पोरांले आयुष्यभर शिकवलं, जे दिसलं ते लिहा. आता म्हातारपणी काय बदलू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझंच लिहिलेलं खोडलं असतं, तरी जुळलं असतं की! पण मी मेला मुंडी खाली घालून बसलो.

त्याच संध्याकाळी सरांनी बाईंना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलं. निघताना त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला. "भाजी उरली आहे, खाऊन घे." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नव्या जोडीदाराचं माझ्याशी सगळं जुळलं. अहवाल छापून आला: 'ग्रामस्थांची मांडणी प्रामुख्याने भावनिक.' वाचलं आणि डोकंच फिरलं. तसाच सरांच्या खोलीत घुसलो, अहवाल टेबलावर आपटला. "सर, त्या म्हातारीनं डोळ्यांनी पाहिलं होतं! हे खोटं आहे!"

सर शांतपणे म्हणाले, "एवढे भावनिक होऊ नका."

जागेवर येऊन बसलो. शेजारच्या खुर्चीवरून "थांब गा, काहून?" असं सरांना विचारणारं कोणी उरलं नव्हतं.