आक्काबाईच्या गाडीची फळी

मार्गासनीच्या आक्काबाईनं दुभती म्हैस देऊन एक लाकडी खोकं आणलं, तेव्हा अख्खं गाव हसलं. खोकं म्हणजे चार चाकांवरची बंद गाडी. भोरच्या जत्रेला आलेल्या एका सर्कशीचं दिवाळं निघालं, तिची ही तिकिटं विकायची खोली. "आक्का आता वाघ पाळणार!" लोक म्हणाले. हसा म्हणावं! आक्काबाईची लेक पहिल्या बाळंतपणाला भर पावसात, उघड्या बैलगाडीतून भोरच्या दवाखान्यात निघाली होती आणि वाटेतच गेली. त्या बाईला हसणाऱ्यांची कसली पर्वा?

तेव्हापासून वेल्ह्याच्या खोऱ्यात कुणी पोर अडली की आक्काबाई गाडी जुंपायची. कासरा तिच्याच हातात. कुणी काही देऊ केलं की खेकसायची, "ठेव तुझ्यापाशी! पोराला अंगडं शिव."

पण लाकूड ते लाकूडच. पावसाळे खाऊन खाऊन एका बाजूची रुंद फळी अशी बाहेर फुगली की खिळेच उपटून आले. फटीतून मांजर आत जावं! आणि नेमका तेव्हाच, आषाढाच्या झडीत, पालीहून निरोप आला. साळूबाईचे दिवस भरलेत, मूल आडवं आहे, त्यात हिवतापानं पोर फणफणलीय. सकाळी हलवायलाच हवी, पण भिजली तर वाचायची नाही.

आक्काबाई तडक कोंडिबा सुताराकडे गेली. तो निवांत पान चघळत बसला होता.

"आज आवस हाय, आक्का. आवसंला सुतार हत्याराला शिवत न्हाई."

"आग लागो तुझ्या हत्याराला! तिकडं पोरीच्या जिवाशी गाठ हाय."

"हत्याराला शिवत न्हाई म्हणालो. येत न्हाई म्हणालो का? चला."

त्यानं सैल झालेली फळी नुसत्या हातांनी ओढून काढली आणि थेट उकिरड्यात पुरली. ओल्या शेणखताच्या पोटात चांगली ऊब असते. दुपारपर्यंत लाकूड नरम पडलं. वासाचं मात्र विचारू नका. मग फळी धुऊन आक्काबाईच्या पडवीत, फरशीवर पालथी घातली, फुगारा वर करून.

"आता वजन पायजे," कोंडिबा म्हणाला. "दगड नगं, एकदम आदळला तर फळी चिरंल. माणसं बसवा, एकेक करून, हळूहळू. फळी फरशीला टेकंस्तवर उठायचं न्हाई."

आक्काबाई पदर खोचून बसली. फळी तसूभरही हलली नाही. बाईच्या अंगावर मांस होतं कुठं! एकटीनं काय होणार, या विचारानं तिचा धीर सुटायला लागला.

तेवढ्यात डोक्यावर इरलं, कडेवर पोर, अशी फुलाबाई दारात आली. सरळ येऊन शेजारी टेकली. मागून बनाबाई, मग अंबूबाई, मग वरच्या वाडीतल्या धनगरांच्या दोन सुना. सगळ्यांच्या कडेवर पोरं. कोंडिबा ओरडला, "पोरांसकट बसा, तेवढंच वजन!"

"कुणी बोलावलं गं तुमाला?" आक्काबाईनं विचारलं.

"बोलवायला कशाला पायजे?" बनाबाई म्हणाली. "तुमची गाडी नसती तर आज आमी असतो का, आक्का? ना ही पोरं असती."

आक्काबाईला एकेकीची वाट आठवली. कुणी ओढ्याशी किंचाळली होती, कुणी आक्काबाईचा हात चावला होता. आता त्या सगळ्या धडधाकट, खिदळत, चिवडा खात तिच्या पडवीत बसल्या होत्या. तिनं आभाळाकडं बघून हात जोडले आणि खुशाल रडून घेतलं. दिवेलागणीपर्यंत फळी फरशीला टेकली. रात्रभर तिच्यावर जातं ठेवलं.

सकाळी अमावस्या सरली तसा कोंडिबा हातोडी घेऊन हजर. फळी ठोकली, फटीत राळ भरली. पालीहून साळूबाईला घेऊन गाडी भोरला पोचली तेव्हा आक्काबाई नखशिखांत भिजलेली आणि आत साळूबाईची वाकळ कोरडी ठणठणीत.

पोरगी झाली. दोघी सुखरूप. साळूबाईला सगळी हकिकत कळली तेव्हा तिनं आक्काबाईचा हात घट्ट धरला.

"आक्का, पुन्यांदा फळी वाकली तर मला निरोप धाडा. आमी दोघी बसायला येऊ."

"व्हय, ये की," डोळे पुसत आक्काबाई म्हणाली. "पण आधी ही पेज सगळी संपीव. बसणारीला वजन लागतं, बाई."