रोवणीची गोळी आणि कोहळ्याचा रस

पोटाच्या आजारावर मी काही लिहावं, एवढं माझं शिक्षण नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि वनस्पतिशास्त्राचं दुसरं वर्ष अजून संपायचं आहे. यात कुणाला आगाऊपणा वाटला तर आधीच माफी मागतो. मला खरं तर फक्त माझ्या मायचं सांगायचं आहे.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. मी शिकायला गोंदियाजवळ फुलचूरला खोली करून राहतो. मागच्या वर्षी धान कापणी आटोपली आणि मायला एका सकाळी रक्ताची काळपट उलटी झाली. गोंदियाच्या दवाखान्यात दुर्बीण टाकली, तर पोटाच्या आतल्या अस्तराला जखम. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माँजी, दर्द की दवाई खाते हो क्या?"

"नही नही. मैं कोई दवाई नही खाती."

बाईंनी आम्ल कमी करायच्या गोळ्या लिहून दिल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पुन्हा रक्त गेलं तर प्रकरण ऑपरेशनवर जाऊ शकतं. ते ऐकल्यापासून मला अभ्यास सुचेना. कॉलेजच्या लायब्ररीत मी पोटाला आराम देणाऱ्या वनस्पती शोधत बसलो. ज्येष्ठमध सापडला, कोहळा सापडला. पुढच्या खेपेला भीत भीत बाईंना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ज्येष्ठमध नको, मायचा बीपी आधीच वाढलेला आहे. कोहळ्याचा रस द्यायचा तर दे, पण गोळ्या बंद करून नाही.

कोहळे आमच्या घरावर होतेच, वड्या घालायला ठेवलेले.

"अना वड्यायचे कोहळे पिऊन टाकायचे?" माय म्हणाली. "लोक हासतीन ना बाबू."

तरी ती रोज सकाळी रस पिऊ लागली. पण पोटातली आग काही जाईना. मला वाटायचं, माझंच काही चुकतंय, रस पातळ होत असेल, कोहळा जुना असेल.

मग इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला सुटलं आणि उन्हाळी धानाची रोवणी लागली. मी नको म्हटलं तरी माय बायकांच्या टोळीत गेली. एका रविवारी मी तिचा डबा घेऊन धानाच्या बांधीवर गेलो. सगळ्या वाकून चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या. एकीने मान वर न करताच विचारलं, "काकी, आज रोवणीची गोळी घेतली का नाही वं?"

"घेतली ना," माय म्हणाली. "पोरगा कोहळ्याचा रस देते, त्याच्यासंगंच घेतली. गोळी गरम, रस थंडा. बरोबर होऊन जाते."

दिवसभर वाकून कंबर धरते, त्यावर बायका ही गोळी घेतात, हे मला तेव्हा उमगलं.

"माय, थे तं दुखण्याची गोळी होय!"

"दुखण्याची कायची? रोवणीची होय. दुकानात चायपत्तीजवळ ठेवते."

"मंग डॉक्टरीणबाईनं विचारलं तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

"तिनं दवाईचं विचारलं. गोळीचं थोडीच विचारलं!"

बायका खळखळून हसल्या. "बाबू आतापासूनच डॉक्टर होऊन राहिला," एक म्हणाली. पण मायने पाय चिखलातून काढले, शेताच्या कडेला धुऱ्यावर बसली आणि कमरेला खोचलेलं पाकीट माझ्या हातात दिलं.

नाव रोवणीची असलं तरी गोळी कापणीतही चालायची, बांधणीतही, आणि बहुतेक वेळा उपाशीपोटी. ती दवाखान्याची नव्हती म्हणून कुणाच्या लेखी औषधच नव्हती. पाकीट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटाला जखम होते ती असल्याच गोळ्यांनी. मग ती गोळी कायमची बंद केली, कंबरेसाठी शेक आणि व्यायाम सांगितला आणि आधीच्या गोळ्या चालू ठेवल्या. आम्ही उठत होतो तोवर पुढची बाई आत आली. डॉक्टरीणबाईंनी तिला पहिलाच प्रश्न केला, "रोवणी की गोली खाते हो?" ती लाजून हो म्हणाली.

माय त्या हंगामात पुन्हा बांधीत उतरली नाही. टोळीतल्या बायका संध्याकाळी घरी येऊन तिला विचारू लागल्या, आमच्या पोटात आग होते ती याच्यानंच का? ती त्यांना दवाखान्यात जा म्हणायची आणि वरून रसही पाजायची. त्यात वड्या घालायच्या राहूनच गेल्या. रसाचा गुण किती आणि ती गोळी सुटल्याचा किती, मला सांगता येणार नाही. पुस्तकांतही मला पक्कं उत्तर मिळालं नाही. एवढं मात्र दिसलं, की जखमेवर रोज नवा घाव बसत असेल तर कोहळा बिचारा काय करणार.

दुसऱ्यांदा दुर्बीण टाकायची होती त्याच दिवशी माझं प्रॅक्टिकल आलं. बहीण मायला घेऊन गेली. फोन बाहेर बॅगेत होता. देठाचा छेद नीट येईना, तीनदा पातं बदललं. बाहेर येऊन फोन लावला, तर बहिणीच्या हातून मायनेच तो घेतला.

"जखम भरली म्हणते बाबू. पुरी भरली. आता ठेव, मले इथं चाय भेटून राहिली."