पाच पत्रिका, एकच गाडी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावलंय. रोज सकाळी फिरतो, मीठ कमी खातो, सगळं करतो. पण रस्त्यावरून तसली बुटकी, दोन दारांची, पिवळीधमक गाडी गुरगुरत गेली की सगळं पथ्य पाण्यात जातं. या प्रकरणात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. खटला अजून चालू आहे, आणि ज्यांची नावं लिहावीशी वाटतात त्यांचे वकील फार हुशार आहेत.

शहराच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. मांजरी गावाकडचा रस्ता आमच्या हद्दीत येई. उन्हाळ्यातली दुपार होती. नियंत्रण कक्षातून निरोप आला, की एक स्पोर्ट्स कार रस्त्याकडेच्या रसवंतीत घुसली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा रसवंती चालवणारी बाई जागीच गेली होती. ती उसाच्या मोळ्या लावत होती आणि तिचा नवरा दहा पावलांवर बर्फ फोडत होता, म्हणून तो वाचला. गाडीचा चालक पळून गेला नव्हता. बाईच्या अंगावरची उसाची मोळी तो दोन्ही हातांनी उचलत होता आणि लोक त्याला मागून मारत होते.

तो गाडीचा मालक नव्हता. गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक होता, यवतमाळकडचा, तिशीतला, भाड्याच्या खोलीत बायको-मुलीसह राहणारा. त्याला ठाण्यात आणलं. त्या बाईचा नवराही मागोमाग आला आणि सगळ्यांसमोर त्याच्या अंगावर धावून गेला. दोन शिपायांनी त्याला आवरलं. मेकॅनिक जागचा हललाही नाही.

आमच्या पंचनाम्याची शाई वाळायच्या आत सर्व्हिस सेंटरचे व्यवस्थापक हजर झाले. इस्त्रीचा शर्ट, मंद आवाज, हातात टाइप केलेली फिर्याद. मेकॅनिकने ग्राहकाची गाडी परवानगीशिवाय, मजा म्हणून बाहेर काढली, असा तिचा सारांश होता. अहो, माझ्या नोकरीत लोक स्वतःच्या घरच्या चोरीची फिर्याद द्यायला दोन दिवस विचार करतात. हा गृहस्थ दोन तासांत टाइप करून, सहीशिक्क्यासह घेऊन आला होता. मला तिथेच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मी त्यांना माझ्या केबिनमध्ये खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मेकॅनिकला समोर उभं केलं.

"किती वेगात होतास?" मी विचारलं.

"साहेब, म्या पाय काढला होता. पेडल वर आलंच नाई."

"वेग किती होता ते विचारलं मी."

"ब्रेक दाबला न जी. दोन्ही पायानं दाबला. गाडी आयकेच ना."

"गाडी बाहेर काढायला कोणी सांगितलं?"

त्याने व्यवस्थापकांकडे पाहिलं. "याइनंच पाठवलं. म्हणे, ट्रायल मारून आण."

व्यवस्थापकांनी खेदाने मान हलवली. ट्रायलला गेटपास लागतो, तो निघालेला नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी मेकॅनिकवर ओरडलो. तीन वेळा वेग विचारला. शेवटी त्याने मान खाली घातली आणि बोलणंच बंद केलं. नुसता अपघाताचा गुन्हा असता तर त्याला लगेच जामीन मिळाला असता. पण कंपनीच्या फिर्यादीने विश्वासघाताचं कलम चढलं आणि तो आत गेला. दीड महिना आत होता. तेवढ्या काळात त्याची बायको रोज सकाळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची, मुलीचा डबा तिथेच भरवायची आणि दुपारी उठून जायची. एकदाही रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता आमच्या हवालदारांबद्दल सांगायला हवं. निवृत्तीला आलेला माणूस, पंचनामा लिहायला बसला की खोलीतली माशीसुद्धा नोंदवणार. मी त्यांना पुष्कळदा झापलंय, "अहो, पंचनामा लिहा, कादंबरी नको." या गाडीच्या पंचनाम्यातही त्यांनी डॅशबोर्डच्या खणातल्या वस्तू एकेक करून लिहिल्या होत्या. एक गॉगल, कुंकवाची पुडी, सुकलेली फुलं, आणि सर्व्हिस सेंटरचं एक व्हिजिटिंग कार्ड. कार्डाच्या मागे पेनाने लिहिलं होतं, "वाहनशांत, गुरुजी, कसबा पेठ," आणि पुढे फोन नंबर.

"साहेब," हवालदार म्हणाले, "गाडी दुरुस्त करणारे लोक गुरुजींचा नंबर कशाला देतात?"

"देत असतील कुणाच्या ओळखीतला. पुढचं बघा."

त्यांनी पुढचं बघितलं, पण कार्ड काही सोडलं नाही. केसची फाइल माझ्या टेबलावर आली की त्या कार्डाची झेरॉक्स सगळ्यात वर असायची. दहाबारा दिवस मी ती उचलून खाली ठेवत होतो. मग आरटीओच्या निरीक्षकांचा अहवाल आला. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, गाडीत दोष आढळला नाही. पण एक वाक्य त्यांनी लिहिलं होतं, की रस्त्यावर ब्रेक दाबल्याच्या लांबलचक खुणा आहेत. मजा म्हणून गाडी पळवणारा माणूस एवढा लांब ब्रेक कशाला दाबत जाईल? मी ती झेरॉक्स खिशात घातली आणि गाडीच्या मालकाकडे मांजरीला गेलो.

मालक तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, हौसेने ही गाडी आली. पोलिसांना पाहून आधी बिचकला, मग भडाभडा बोलला.

"गाडी लाभलीच न्हाय साहेब. तीन डाव उधळली. एकदा तर पाय वर घेतला तरी पळतच सुटली. बांधावर घातली म्हणून वाचलो."

"सर्व्हिसवाल्यांना सांगितलं?"

"दर टायमाला. ते म्हणायचे, कम्प्युटरात काय दिसत न्हाय. तिसऱ्या डावाला म्हणले, मालक, आता हे आमच्या हाताबाहेरचं हाय, एकदा शांत करून घ्या. नंबर बी त्यांनीच दिला."

"केलीत?"

"केली की. तरी पुन्हा तेच. मग गाडी तिकडंच टाकून आलो."

"अहो, मग लेखी तक्रार का नाही दिलीत?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आपल्या नशिबाची तक्रार कंपनीकडं कशी करायची साहेब?"

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याच्यावर नव्हे. ज्याने त्याच्या डोक्यात हे भरवलं त्याच्यावर. यंत्रात खोट आहे हे माहीत असलेल्या माणसाने गिऱ्हाइकाच्या श्रद्धेवर बोट ठेवलं होतं आणि स्वतः कोरडा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कसब्यात गेलो. जीप लांब उभी केली आणि गल्लीबोळांतून चालत गुरुजींच्या दारात पोहोचलो. सत्तरीचे, काटक. मला वर्दीत पाहून जराही गडबडले नाहीत.

"बूट बाहेर. आणि बसा. उभ्याने चौकशी करू नका, मलाही मान वर करून बोलावं लागतं."

मी बसलो. "मांजरीच्या त्या पिवळ्या गाडीची शांत आपण केलीत?"

"केली. विधिवत केली."

"म्हणजे गाडी आपोआप धावते हे आपल्याला ठाऊक होतं?"

"मला ठाऊक होतं, कंपनीला ठाऊक होतं. पोलिसांना आज कळतंय, एवढंच."

त्यांनी उठून एक लांबट वही आणली. प्रत्येक पानावर यजमानाचं नाव, गोत्र, रास आणि कशासाठी ते लिहिलेलं. गुरुजींनी चष्मा लावून पानं उलटली आणि पाच जागी बोट ठेवलं. गाडीचं मॉडेल तेच, फक्त रंग वेगळे. "कशासाठी" याखाली पाचही ठिकाणी थोड्याफार फरकाने एकच मजकूर होता. पाय काढला तरी गाडी थांबत नाही. पाचही जण त्याच सर्व्हिस सेंटरने पाठवलेले.

"तिसरे यजमान आले तेव्हाच मला शंका आली," गुरुजी म्हणाले. "पाचवे आले तेव्हा मी त्या व्यवस्थापकांना फोन केला. म्हटलं, अहो, पाच पत्रिका मी पाहिल्या. गोत्रं वेगळी, राशी वेगळ्या, दशा वेगळ्या. पाचांत सारखी गोष्ट एकच, तुमची गाडी. ग्रहांना कशाला त्रास देता, तुमच्या इंजिनिअरला द्या."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, गुरुजी, तुम्ही तुमचं काम करा." त्यांनी वही मिटली. आवाज जरा खाली आला. "मांजरीच्या यजमानांना मी म्हटलं होतं, गाडी परत करा. ते ऐकेनात. मी शांत करायला नको होती. ती बाई गेल्याचं पेपरात वाचलं, त्यानंतर वाहनशांत घेणं बंद केलंय."

ती वही आम्ही रीतसर ताब्यात घेतली. माझ्या साऱ्या नोकरीत इतका चोख पुरावा मला दुसऱ्या कुठल्या कागदाने दिला नाही. कंपनीच्या कम्प्युटरमध्ये पाचही गाड्यांपुढे "दोष नाही" लिहिलं होतं. दोष कुठे होता? कसब्यातल्या एका गुरुजींच्या वहीत, गोत्रासकट.

मग आम्ही उरलेल्या चौघांचे जबाब घेतले. एकाने गाडी अपशकुनी म्हणून परस्पर दुसऱ्याला विकली होती आणि तो दुसरा भिंतीवर जाता जाता वाचला होता. एका घरी तर कळस होता. गाडी आली त्याच महिन्यात सून घरात आली होती, म्हणून सगळं खापर तिच्या पायगुणावर फोडलं होतं. ती पोरगी पाणी घेऊन आली तेव्हा सासूने तोंड फिरवलं. मी तिथेच आवाज चढवला. "बाई, दोष गाडीच्या पेडलमध्ये आहे, हिच्या पायात नाही." सासूला पटलं का, मला माहीत नाही. पण सुनेने तांब्या खाली ठेवला आणि सासूकडे सरळ पाहिलं.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गाडी नेली. तिथल्या प्राध्यापकांनी ती तासभर तापवली आणि मला बोलावून दाखवलं. पेडलखाली एक छोटा सेन्सर असतो. पाय किती दाबलाय ते तो इंजिनाला सांगतो. गाडी फार तापली की हा सेन्सर अडकायचा आणि पाय काढला तरी इंजिनाला "दाबलेलाच आहे" असं सांगत राहायचा. गाडी थंड झाली की पुन्हा शहाण्यासारखा वागायचा. आरटीओची तपासणी थंड गाडीवर झाली होती. सर्व्हिस सेंटरवाले कम्प्युटरही थंड गाडीलाच जोडायचे.

झडती घेतली तेव्हा मुख्य कार्यालयाकडून आलेले ईमेल सापडले. हा सेन्सर बिघडतो हे त्यांना ठाऊक होतं. असल्या गाड्या परत बोलावून तो भाग बदलून द्यायचा असतो, त्याला रिकॉल म्हणतात. पण नव्या मॉडेलची जाहिरात चालू होती. म्हणून सूचना होती, की "रिकॉल" हा शब्द ग्राहकासमोर काढू नये, चालकाची सवय तपासावी. मेकॅनिकचा गेटपाससुद्धा व्यवस्थापकांच्या कपाटात निघाला. त्यावर त्यांचीच सही होती.

व्यवस्थापकांना समोर बसवलं. आवाज तसाच मंद.

"सर, रिकॉलचा निर्णय वरून येतो. आमच्या हातात काही नसतं."

"आणि गुरुजींचा नंबर? तोही वरून येतो?"

"सर, ग्राहकाच्या मनाला समाधान..."

"अरे, माणूस मेलंय तिथे!" मी टेबलावर हात आपटला. "समाधान कसलं सांगतोस?"

त्यांनी वकिलांना फोन करायची परवानगी मागितली. मेकॅनिकने दीड महिन्यात ती मागितली नव्हती. मागता येते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मेकॅनिकविरुद्धचा गुन्हा मागे घेण्याचा अहवाल मी न्यायालयात दिला आणि तो सुटला. व्यवस्थापक आणि कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी आरोपी झाले. दोघे जामिनावर आहेत. काही महिन्यांनी कंपनीने गाड्या परत बोलावल्या. सर्व मालकांना पत्र गेलं, "आपल्या अधिक समाधानासाठी, स्वेच्छेने, विनामूल्य तपासणी." दोष हा शब्द पत्रात कुठेही नाही. मेलेल्या बाईचा उल्लेख तर सोडाच.

ते पत्र घेऊन मी मेकॅनिकला भेटायला गेलो. कंपनीत त्याला परत घेतलं नव्हतं. एका साध्या गॅरेजात दुचाक्या दुरुस्त करत होता. हात पुसून त्याने पत्र दोनदा वाचलं.

"याच्यात त्या बाईचं नाव नाई जी."

"नाही," मी म्हणालो. मग बरेच दिवस मनात अडकलेलं विचारलं. "सेंटरच्या नोंदींत दिसलं, त्या पाचही गाड्या तूच हाताळल्या होत्यास. सगळ्यांत तीच खोट आहे हे तुला माहीत होतं. मग पहिल्या दिवशी मला सांगितलं का नाहीस?"

त्याने पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.

"तुमी मले तीनदा इचारलं, स्पीड किती होता. असं आधी कधी झालं होतं काय, हे एकदाबी नाई इचारलं. अन् सांगतलं असतं तरी कोणाले सांगतलं असतं, साहेब? तो मानूस तुमच्या खुर्चीसमोर बसून चहा पेत होता. मले वाटलं, तुमी त्याचेच आहा."

तो पुन्हा कामाला बसला. मी जीपकडे चालत आलो.

माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आता स्वतः ठाणी सांभाळतात. ती कधी भेटायला आली की एवढंच सांगतो. आरोपीला पहिला प्रश्न विचारण्याआधी केबिनमध्ये खुर्चीवर कोण बसलंय ते बघा. फिर्याद घेऊन धावत येणाऱ्याला विचारा, इतकी घाई का? कंपनीने दोष लपवला, त्याबद्दल मी तिला शेवटपर्यंत शिव्या देईन. पण तो मेकॅनिक दीड महिना आत राहिला, तो नुसता कंपनीमुळे नाही. त्या दिवशीचा चहा मीच मागवला होता.