रंजनाताई गप्प बसली

मांजर्लीत रंजनाताई बोलायला लागली की नदीपलीकडच्या म्हशी माना वर करतात, असं लोक म्हणतात. दिवसभर अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंग आणि संध्याकाळी महिला गोविंदा पथकाचा सराव. सगळ्यात खालच्या थरात ती मधोमध उभी राहायची, आणि खांद्यांवर चार थर असले तरी तोंडाचा पट्टा सुरूच.

सगळ्यात वर चढायची ती कॉलेजातली तेजस्वी. “फूल आहे फूल, वजनच लागत नाही,” असं रंजनाताई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कौतुक करायची. यंदा शहरातल्या मोठ्या हंडीचं पथकाला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. पोरींच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं.

आणि ऐन सरावात तेजस्वीने रंजनाताईच्या खांद्यावर पाय ठेवला तो बर्फासारखा गार. एवढ्या उकाड्यात! वर गुडघाही लटलटत होता. इतकी वर्षं खारीसारखी सरसर चढणारी पोर ही. मग रंजनाताईला एकेक आठवत गेलं. घामाच्या धारा लागल्या तरी अंगात लांब बाह्यांचा शर्ट, सरावानंतर पोहे आले की “घरून जेवून आले”, आणि कधी खाल्लंच तर लगेच बाथरूम.

आता रंजनाताईचा स्वभाव म्हणजे डोक्यात आलं की हातात आलं. दुसऱ्या दिवशी तिने बेसनाचे लाडू केले आणि सगळ्यांदेखत तेजस्वीला एक खायलाच लावला. तेजस्वीने खाल्ला. मग बाथरूमचा नळ कितीतरी वेळ वाहत राहिला, आणि पोर बाहेर आली ती लालबुंद डोळ्यांनी. करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे रंजनाताईला तिथेच कळलं.

सगळ्या गेल्यावर रंजनाताई तेजस्वीशेजारी पायरीवर बसली. आवाज खाली आणला. तो आणता येतो हे तिलाही नवीनच होतं.

“तुझे पाय गार पडतात गं. मला भीती वाटते.”

तेजस्वीने शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या. म्हणाली, “ताई, जाड झाले तर मला वर कोण चढवणार? मग पथकात मी कोण?”

“फूल आहे फूल” हे आपलंच कौतुक रंजनाताईला आठवलं.

तेजस्वीच्या आईला घेऊन तिघी अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. हे उपाशी राहणं, खाल्लेलं ओकणं म्हणजे नखरे नाहीत, डाएटही नाही, आजार आहे, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. शरीराचे उपचार हवेत, मनाच्या डॉक्टरांचेही हवेत, वेळ लागेल, आणि चढणं सध्या बंद. आपण काय करायचं, असं रंजनाताईने विचारलं. बाई म्हणाल्या, “तिच्या ताटावर बोलू नका, अंगावर बोलू नका. शेजारी बसून तुम्ही जेवा आणि दुसऱ्या गप्पा मारा.” त्यापेक्षा सगळे थर एकटीने पेलायला सांगितले असते तर परवडलं असतं!

तरी ती रोज डबा घेऊन तेजस्वीकडे जाऊन बसली. जीभ चावत कारखान्यातल्या साहेबाच्या केसांच्या टोपाच्या गोष्टी सांगत राहिली. कधी अर्धी चपाती जायची, कधी नुसतं रडणं व्हायचं. पथकात तिने जाहीर केलं की यंदा एक थर कमी लागेल. पोरी कुरकुरल्या. मग ती तेजस्वीकडे वळली.

“खालून शिट्टी तू मारायचीस. वरचा तोल तुझ्याइतका कोणाला कळतो?”

हंडीच्या दिवशी काय ती गर्दी, काय तो गुलाल! तेजस्वीची शिट्टी वाजली, एकेक थर उठला, जरा डुलला, दुसऱ्या शिट्टीला सावरला. हंडी फोडली दुसऱ्याच मोठ्या पथकाने, पण आपल्या पोरी सलामी देऊन न खरचटता खाली उतरल्या, आणि मैदान शिट्ट्यांनी दणाणलं. रंजनाताईला आभाळ ठेंगणं झालं.

मग काल्याची परात आली. पोहे, दही, लोणचं, डाळिंबाचे दाणे, आणि रीत अशी की सगळ्यांचे हात एकाच परातीत. तेजस्वी शिट्टी मुठीत धरून कडेला बसली होती. रंजनाताई तिच्या शेजारी बसून खाऊ लागली आणि साहेबाचा टोप पंख्यात कसा अडकला ते सांगू लागली. गोष्ट अर्ध्यात आली तेव्हा तेजस्वीचा हात परातीत गेला. एक लहान घास. तिने तो चावला, गिळला. उठली नाही. थोड्या वेळाने हात पुन्हा गेला.

रंजनाताईच्या पोटातून आरोळी उठली ती थेट गळ्यापर्यंत आली. डोळे भरले. ओठ घट्ट मिटून तिने तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि अगदीच राहवेना तेव्हा मैदानापलीकडच्या ढोलवाल्यावर गरजली, “ए जितेश, ढोल का थांबवलास रे?”

जितेश बघतच राहिला. त्याचा ढोल थांबलाच नव्हता.