डोहावरच्या अडई

माझ्या भावाच्या पडवीत नावेची एक मोटर उभी आहे. वरून फाटकं पोतं टाकलेलं. मी तिथं असली अन् कोणी विकत मागाले आला तं मी त्याले दारातूनच हाकलते. घर माझं नाही, मोटर माझी नाही, तरी हाकलते. मी रुख्मा. सौंदडच्या बाजारात मासे विकते, अन् माझं तोंड कसं आहे हे स्टेशनापासून बाजारापर्यंत सगळ्याईले ठाऊक आहे.

यादोराव माझा धाकटा भाऊ. आम्ही ढिवर, मासे धरणारे लोक. आमचं माहेरचं गाव केशोरीच्या अलीकडं, अन् गावाले एक मोठा जुना तलाव. दिसाले समुद्र, पण अर्ध्या तलावात पाणी कमरेच्या वर नाही. कमळं, देवधान, बेशरमाची झुडपं, अन् खाली गाळ. मधोमध मात्र डोह आहे. तलावाची पाळ, म्हणजे बांध, घालाच्या आधी तिथून नाला वाहे, त्याचंच जुनं पात्र ते. वरून बाकीच्या पाण्यासारखंच दिसते, पण तिथल्या गाळाले बूड नाही. आमच्या बापानं एकदा अख्खा बांबू टोचून पाहला, तं बांबूच गेला, परत आला नाही. तेव्हापासून बाप आम्हाले सांगे, डोहाकडं हागाले सुद्धा जाऊ नका.

आता थंडीत या तलावावर असं धुकं पडते का स्वतःचा हात दिसत नाही. अन् जाळं तं उन्हाच्या आधीच काढा लागते, नाही तं अर्जुनीच्या बाजारात शिळा मासा कोण घेते? मग धुक्यात वाट कशी सापडाची? तं अडईनं. अडई म्हणजे ते लहानसं तपकिरी बदक, सीटी मारते ते. थव्यानं बसते, अन् बसते तं उथळ पाण्यात, खाली पक्की मुरमाची जमीन असंल तिथं. आमचे लोक डोंगा थांबवून कान देतात. सीटी आली का तिकडं वळतात. जवळ गेले का डोंग्यातून खाली उतरतात अन् हातानं डोंगा ओढत नेतात, आवाज न करता. पाखरं भडकून उठली तं मासा दबते म्हणून. बापानं असंच केलं, आज्यानं असंच केलं. यादोराव तं म्हणे, "बाई, माणूस खोटं बोलंल, अडई नाही बोलत." मले तो बाईच म्हणे, मी मोठी ना.

लहानपणापासून बांबूनं डोंगा ढकलून ढकलून त्याचा उजवा खांदा गेला. मागच्या पावसाळ्यात तं हात वर जाईना. जमुना, माझी भावजय, रोज मोहाचं तेल चोळे, अन् हा भिताडाकडं तोंड करून बसे. ढिवराचा हात गेला तं काय राहिलं बापा? तेव्हा त्याच्या पोरानं, हिमांशूनं, मोबाईलवर दाखवलं का चिखलात चालणारी मोटर असते. पाणी नसलं तरी गाळावरून पळते. हिमांशू नागपूरच्या कंपनीतून काम सोडून आलेला, सव्वीस वर्षांचा घोडा, दिवसभर मोबाईल. मी म्हटलं, चला, त्या मोबाईलचं काही तं कामाचं निघालं.

मोटर पाहाले आम्ही तिघं गोंदियाले गेलो. मी काऊन गेली? कारण यादोराव भोळा, अन् गोंदियाचे दुकानदार कसे असतात ते मले माहीत. दुकानाच्या मालकाचं नाव गुलाबचंद. त्यानं आधी एक सरळ दांड्याची मोटर दाखवली. यादोराव म्हणे, "याचा पंखा तं सरळ खाली जाते. माझ्या तलावात दहा हातांत कमळाच्या देठांनी बांधला जाईन." मग गुलाबचंदनं एक मोठं काळं धूड बाहेर काढलं. दोन माणसं लागली उचलाले. हिमांशूचे डोळे चमकले.

"ये लो भाऊ," गुलाबचंद म्हणे, "ये तो शिकारवालों की पसंद है. कीचड़ हो, घास हो, सब काट के निकल जाती है."

"कायची शिकार?" मी इचारलं.

"अरे दीदी, बदक की. शहर से पार्टी आती है ना ठंड में."

मी हिमांशूकडं पाहलं. त्यानं मान खाली घातली अन् चप्पल पाहत बसला. बदकं मारणं गुन्हा आहे, जंगलवाले धरून नेतात, हे काय त्याले माहीत नव्हतं?

यादोरावाले ते धूड नको होतं. तो कोपऱ्यातल्या एका लहान मोटरीजवळ जाऊन बसला. तिचा दांडा लांब, बांबूसारखा तिरपा मागं जाणारा, अन् पंखा पार टोकाले. गवत अडकलं का दांडा उचलाचा, झटकाचा, पुन्हा टाकाचा. डाव्या हातानं उचलून पाहली त्यानं, दोनदा. मग इचारलं, "बंद केली तं आवाज कधी थांबते?"

गुलाबचंद हसला. "लोग पूछते हैं चालू कैसे होती है, तुम पूछते हो बंद कैसे होती है!"

"हो गा. मले ऐकाचं राहते ना."

दोरी ओढून चालू केली, बटण दाबलं, अन् झटक्यात चूप. यादोरावाचं तोंड असं फुललं का विचारू नका. तीच घेतली. सोबत चपट्या बुडाची पत्र्याची नाव घेतली, कारण जुना डोंगा मोटरीच्या वजनानं मागून बसला असता. हिमांशू रस्ताभर फुगून बसला होता. मी म्हटलं, "काऊन रे, तोंडात लाडू आहे का?" त्यानं तोंड फिरवलं.

दिवाळीनंतर यादोराव पुन्हा पाण्यात गेला. जमुनाचा फोन आला तं हसून राहिली होती. म्हणे, "बाई, गावातले सारे पाळीवर उभे राहून पाहतात. म्हातारा नवरदेवासारखा बसते नावेत." मले इतकं बरं वाटलं का मी त्या दिवशी गिऱ्हाईकाशी भांडलीच नाही.

पूस महिन्यात मी माहेरी गेली. रेल्वेनं अर्जुनी, तिथून बसनं केशोरी, पुढं यादोराव फटफटीवर घ्याले आला. घरी पोहोचली तं दारात पहिल्यांदा काय दिसलं असंल, तं त्याचा बांबू. भिताडाले टेकवून ठेवलेला, वर कोळ्याचं जाळं.

"हा नाही नेत का आता?" मी म्हटलं.

"कायले? मोटर आहे ना."

"पाणी किती हे कोण सांगते मग?"

"अडई सांगते," म्हणे, अन् मले चिडवत हसला. "बाई, तू सौंदडले जाऊन पाणी विसरली."

संध्याकाळी पाळीवर बसलो. तलाव पाहला अन् मले चैन पडंना. मुरमाड बाजूले, जिथं वर्षानुवर्षं थवा बसते, तिथं एक पाखरू नाही. पाण्यावर नुसती पिसं तरंगून राहिली होती. एका झुडपाले मेलेली अडई अटकली होती, पायाले बारीक काळा धागा. मी जमुनाले दाखवलं. ती म्हणे, "रोजच दिसतात बाई आता. अन् हा पोट्टा रात्री आठ-आठ वाजता घरी येते चिखलात भरून."

मग अंधार पडला अन् सीट्या सुरू झाल्या. पण कुठून? डोहाकडून.

"यादो," मी म्हटलं, "अडई अन् डोहावर? आपल्या जन्मात कधी ऐकलं का?"

"मी बी चार दिवसांपासून ऐकून राहिलो," तो म्हणे. "मले वाटते, डोह बुजला. यंदा किती पाणी आलं, किती माती आली शेतातून! भरला असंल. उभी राहाले जागा असल्याशिवाय अडई बसत नाही."

"बापाचा बांबू गेला होता तिथं."

"तेव्हाची गोष्ट तेव्हा. अन् बुजला असंल तं बरंच झालं ना. तिथं कोणी जाळं टाकलं नाही आजपर्यंत. मरळ असंल इतकी इतकी. उद्या पाहूनच येतो."

मी कान देऊन ऐकलं. सीट्या येतच होत्या. एकसारख्या. पाखरू सीटी मारते, थांबते, दुसरं जवाब देते, मध्येच चूप होतात सारे. हे मात्र दम घेत नव्हते. मी म्हटलं, "अरे, ह्या काय बिमार आहेत का? थांबत काऊन नाहीत?" यादोराव हसला. म्हणे, बाई, तुझ्यावर गेल्या.

हिमांशू एवढ्यात चिखलाच्या पायानं येऊन मागं बसला होता. सारं ऐकून राहिला होता. हातातला मोबाईल त्यानं उलटा ठेवला अन् म्हणे, "बाबा, उद्या नका जाऊ. धुकं राहीन."

"धुकं तं रोजच राहते."

"मग परवा जा."

"काऊन? परवा काय आहे?"

पोट्ट्यानं मोबाईल उचलला. उठला अन् घरी गेला. रात्री जेवला नाही. मी जमुनाले म्हटलं, याचं काही लफडं आहे. ती म्हणे, खांद्यावर जबाबदारी नाही म्हणून असा वागते. आम्ही दोघी बाया, आम्हाले वाटलं पोरीबिरीचं काही असंल.

पहाटे मी पाळीवर गेली तेव्हा समोर पाणी आहे का आभाळ, समजत नव्हतं. यादोरावानं दोरी ओढली, मोटर फटफटली, अन् चार हातांवर तो धुक्यात गेला. फक्त आवाज राहिला. मी शाल घट्ट केली. मनात म्हटलं, देवी, आज नको काही.

मोटर बंद झाली. तो ऐकून राहिला होता. मी बी ऐकलं. सीट्या, डोहाकडून, तशाच. पुन्हा मोटर सुरू. आवाज तिकडं सरकला. पुन्हा बंद. आता तो उतरंल, मी म्हटलं. उतरंल, नाव ओढंल, अन् थोड्या वेळानं थवा उठंल. अडईचा थवा उठते तेव्हा पंखांचा असा फडफडाट होते का गावात झोपलेली लेकरं जागी होतात. मी त्या फडफडाटाची वाट पाहत उभी राहिली.

तेवढ्यात पाण्यात काहीतरी धप्पकन झालं. मग "जम्..." असं अर्धंच काही ऐकू आलं. पुढं काही नाही.

थवा उठला नाही. एक पंख वाजला नाही. अन् सीट्या चालूच. माणूस पाण्यात पडला, नाव हलली, अन् पाखरं आपली शांत सीटी मारून राहिली आहेत! मी बोंबलली, "यादो! अरे यादो!" सीट्याईनं मले जवाब दिला.

मागून हिमांशू धावत आला, अनवाणी. त्यानं मले इचारलं बी नाही का बाबा कुठं गेले. सरळ दुसऱ्याचा डोंगा सोडला, घरून आणलेला तोच बांबू घेतला, अन् सीधा डोहाकडं निघाला. सोबत गावचे दोघं बसले. ते मागून सांगत होते का त्या धुक्यात पोरगा एकदाही रस्ता चुकला नाही.

नाव तिथंच होती, रिकामी. डोहाच्या कडेले दोन बांबू रोवलेले, मधात बारीक काळं जाळं, खालची बाजू पाण्यात सोडलेली. बदकं धराचं. एका बांबूले बॅटरीवाला लहान भोंगा बांधलेला. त्यात अडईचा आवाज भरून ठेवला होता. तो ऐकून खऱ्या अडई येत अन् जाळ्यात अडकत. गोंदियाच्या पार्टीसाठी. मुरमाड जागेवर लोक पाहतील म्हणून जाळं डोहावर लावलं, कारण तिकडं कोणीच जात नाही.

यादोराव नावेतून उतरला होता, जसा आजा उतरे, जसा बाप उतरे. पायाखाली जमीन असंल म्हणून. पाय त्या जाळ्यात गुंतले अन् खाली गाळ. पोहणारा माणूस होता तो, पण पोहाले पाय तं सुटे पाहिजेत. त्याले काढाले तिघाईले दुपार झाली. धुकं निघून गेलं होतं. भोंगा तोपर्यंत वाजतच होता, कोणाच्या ध्यानातच आलं नाही तो बंद कराचा. मग बॅटरी संपली तेव्हा आपोआप चूप झाला.

तेराव्याले जेवणं उठली. हिमांशू पडवीत मोटरीजवळ बसला होता. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. जमुना तं त्याच्या ताटाकडंही पाहत नव्हती. मी समोर जाऊन उभी राहिली. मारावं वाटत होतं त्याले, अन् पोटाशी घ्यावं बी वाटत होतं, काय करू?

"आत्या," तो म्हणे, "मी बाबाले सांगितलं होतं, नका जाऊ म्हणून."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "धुकं आहे म्हणून सांगितलं होतं. अरे मुडद्या, धुक्याले तो जन्मात कधी भिला का? तुले एवढंच म्हणाचं होतं, बाबा, ते पाखरं खरे नाहीत, ते माझे आहेत. त्यानं तुले चार थपडा मारल्या असत्या. तुले जंगलवाल्याईनं नेलं असतं. अन् सकाळी तो घरी चहा पीत बसला असता."

तो रडला. मी त्याले चूप केलं नाही.