हात लावल्याबिगर

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते लोहाऱ्याच्या शाळेतल्या माझ्या इंग्रजीच्या सरांचे. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. माझ्याआधी घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आठवीत मला ‘लुक’ म्हणजे दिसणं आणि ‘सीम’ म्हणजे वाटणं, यांतला फरक काही केल्या कळेना. सर मला शेळ्यांच्या बाजारात घेऊन गेले. एक गिऱ्हाईक लांबूनच शेळी न्याहाळत होतं.

“हे लुक,” सर म्हणाले.

मग त्यानं शेळीचे दात बघितले, पाठ दाबली, चार पावलं चालवून बघितली.

“आता तो जे बोलंल ते सीम. हात लावल्याबिगर सीम म्हणायचं न्हाय.”

यंदा मी धाराशिवच्या एका खासगी शाळेत शिकवत होतो. प्रवेशाच्या वेळी संचालक काजू चघळत बसायचे आणि पालकांच्या पायांकडे बघायचे. निम्मा निकाल चपलांवरच लागायचा. तो चघळण्याचा आवाज आला की मी खिडकीकडे तोंड फिरवायचो.

एक बाई मुलीला घेऊन आली. अंगाला शेरडांचा वास होता. मी विचारलं ते सगळं पोरीनं खडाखडा सांगितलं. संचालकांनी तिला एक शब्दही विचारला नाही. नाकाला रुमाल लावून ते हसत म्हणाले, “शी सीम्स डल.”

आईला वाटलं, कौतुकच केलं. तीही हसली. “लई उपकार झाले, साहेब. वह्या कुठल्या आणायच्या?”

“जागा भरल्या म्हणून सांगा हो,” संचालक माझ्याकडे वळले. “तुमच्याकडचीच दिसतेय.” ओठांवर काजूचा भुगा तसाच होता.

“ताई, पोरगी मंद वाटते म्हणाले ते,” मी सांगितलं. “पण तिनं एकही उत्तर चुकवलं नाही.”

तिचं हसू मावळलं. “मग हसत कशाला म्हनले?”

“मास्तर,” संचालक म्हणाले, “यांच्यासंगं तुम्हीपण निघा.”

निघालो. त्या रात्री सरांना पत्र लिहिलं:

“सर, साष्टांग नमस्कार. माझी नोकरी गेली. त्याचं दुःख नाही, पण किळस अजून जात नाही. जिची बाजू घेतली, त्या मुलीला आज सरकारी शाळेत घातलं, मीही सोबत गेलो होतो. पोरगी कशी आहे, असं आईनं विचारलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, चार दिवस शिकवते, मग सांगते. तुमची आठवण आली. येत्या बाजाराला लोहाऱ्यात येतोय. घरी नको, शेळ्यांच्या बाजारातच भेटू.”