तीन हजार मीटर, हवा धुरकट

धावपट्टीच्या टोकाला असलेल्या हवामान खोलीत काकांनी सव्वीस वर्षं काढली. विमान चालवायला शिकणारी पोरं त्यांना काकाच म्हणत, आणि काकाही त्यांच्यावर सख्ख्या काकासारखे डाफरत. काम काय, तर दर अर्ध्या तासाला गच्चीवर जायचं, वारा, ढग, तापमान, दाब असं सगळं बघायचं आणि एका ओळीत कोंबून पाठवायचं. ती ओळ म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. नवं पोरगं ती बघून रडकुंडीला येई. "काका, याच्यात हवा कुठे आहे?"

दर गुरुवारी काका ती ओळ वाचायला शिकवत. "आधी विमानतळाची खूण. मग तारीख आणि वेळ. वेळ आपल्या घड्याळाची नाही हं, साऱ्या जगाची मिळून एक. तिथे घोळ घातलात तर सकाळची हवा मध्यरात्रीची समजून बसाल. मग वारा कुठून आणि किती. मग हे चार आकडे, म्हणजे किती मीटर लांबचं दिसतंय. चारही नऊ असले तर दहा किलोमीटर किंवा त्याहून जास्त, उडा खुशाल. पुढे ही दोन अक्षरं आली की हवा धुरकट." पाच हजारांच्या खाली आकडा गेला की शिकाऊ पोरांनी एकट्याने उडायचं नाही, असा नियम होता. कुणी खिडकीकडे बोट करून "पण काका, बाहेर तर बरं दिसतंय" म्हणालं की त्याची खैर नसे. "खिडकी बघून विमान चालवणार का तू? कागदावर आहे ते खरं!"

गंमत अशी की ते चार आकडे तिथे कुठलंच यंत्र देत नव्हतं. गच्चीच्या भिंतीवर एक तक्ता होता. पाण्याची टाकी दोन किलोमीटर, कारखान्याचं धुराडं पाच, टेकडीवरचा मनोरा दहा. जे दिसेल त्यावरून आकडा ठरायचा, आणि बघणारे डोळे काकांचे. त्या डोळ्यांचा त्यांना भारी तोरा होता.

त्या वर्षी थंडी सरता सरता मनोरा दिसेनासा झाला. काही दिवसांनी धुराडंही गेलं. काका लिहू लागले, तीन हजार मीटर, हवा धुरकट. "हवेचं पार वाटोळं केलंय लोकांनी," असं ते घरी येऊन बडबडत. बायको म्हणे, "हवेचं राहू द्या, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते मला का विचारता हल्ली?" त्यावर काका म्हणत की काटेच मेले बारीक आहेत. दरवर्षीची डोळ्यांची तपासणीही ते पास झाले होते. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता सव्वीस वर्षांत बदलला नव्हता, आणि काकांना तो स्वतःच्या पत्त्यासारखा पाठ होता. यात लबाडी नव्हती. आपण वाचतोय असंच त्यांना वाटत होतं.

इकडे पोरं रोज पहाटे गणवेश चढवून येत, ओळ वाचत आणि चहा पीत बसत. शिकवणारे कुरकुर करत, पण सव्वीस वर्षांत काकांचा आकडा कधी चुकला नव्हता, आणि नियमापुढे त्यांचंही काही चालत नव्हतं. त्यातलाच एक लांब्या. सहा फुटांच्या वर उंच, विमानात घडी घालून बसावं लागे. त्याची शिक्षणाची मुदत महिनाअखेरीला संपत होती आणि एकट्याने उडायचे अकरा तास बाकी होते. अकरा तास म्हणजे बऱ्या हवेचे पाच-सहा दिवस. एकदा तो गच्चीवर आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, पाच लिहा ना आज. धुराडं मला दिसतंय हो."

काकांचं टाळकं सणकलं. "तुला दिसतंय, कारण तुला उडायचंय! असलीच माणसं डोंगरावर जाऊन आपटतात!" हे त्यांनी खाली सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सुनावलं. लांब्याने माफी मागितली. महिना संपला, मुदत संपली. ट्रंक न्यायला वडील आले तेव्हा काका त्यांना म्हणाले, "पोरगं गुणी आहे, फक्त घाई फार." वडिलांनी मान डोलावली आणि दोघं गेले.

त्यानंतर चार आठवड्यांनी चष्मेवाली वर आली. ही वर्गातली भांडखोर पोरगी, अर्ध्या मार्कासाठीही काकांशी हुज्जत घालणारी. वाऱ्याबद्दल काही विचारायला आली होती. कठड्याला टेकून सहज म्हणाली, "धुराड्याला नवे लाल पट्टे मारलेत वाटतं?"

"कुठल्या धुराड्याला?" काकांनी विचारलं.

ती हसली. मग काकांच्या तोंडाकडे बघून तिचं हसू मावळलं. "नाही... म्हणजे धूसरच आहे, काका. मला भास झाला असेल."

ही पोरगी इतक्या पटकन कधी कुणाचं ऐकत नसे.

"खरं सांग. मनोरा?"

"दिसतोय."

"टेकडी?"

"सगळी दिसतेय, काका."

"कधीपासून?"

तिला रडू फुटलं. "रोजच दिसते. आम्हाला वाटलं, आपल्यालाच बघता येत नाही. तुम्ही एवढं शिकवलेलं..."

काकांनी तिच्या डोळ्यांनी नवी ओळ लिहिली, चारही नऊ, आणि आधीची चूक म्हणून कळवून टाकली. पंधरा मिनिटांत इंजिनं सुरू झाली. एकामागून एक विमानं डोक्यावरून गेली. काका आवाजाच्या दिशेने मान वळवत राहिले, पण त्यांना एकही दिसलं नाही.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण आतला पडदाच झिजलाय, तो काही परत येत नाही. काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दोन महिन्यांपूर्वी मला पाच किलोमीटरवरचं दिसत असेल का?" डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांत एवढं होत नाही. त्याच्याही आधीपासून दिसत नसणार."

संध्याकाळी बायकोने नंबर लावून दिला. लांब्या आता मामाच्या टायरच्या दुकानात बसत होता. "काका! तुम्ही मला फोन केलात?" आवाजात नुसता आनंद. काकांनी त्याला सगळं सांगितलं. हवा चांगली होती, तुला दिसत होतं ते खरं होतं, आंधळा मी होतो.

पलीकडे कुणीतरी टायरवर हातोडी मारत होतं.

"काका," लांब्या म्हणाला, "हे सांगायला नको होतं हो. नशिबाला बोल लावून आत्ता कुठे मला झोप लागायला लागली होती. आता कुणाला लावू? तुम्हाला लावायचा म्हटलं तर तेही जमत नाही."

बायकोने थोड्या वेळाने काकांच्या हातातून फोन काढून घेतला. पलीकडून तो केव्हाच ठेवला गेला होता, आणि काका अजून "माझं चुकलं रे" म्हणत होते.